नंबर एकतीस

बाबा पत्रांना नंबर घालायचे.
कोपऱ्यात, तारखेच्याही वर, गोल करून.
कारण तवांगहून झिंगाबाई टाकळीला येईतो
चौदावं पत्र बाराव्याच्या आधी पोचायचं,
आईला आधी कळायचं की ताप उतरला,
मग आठ दिवसांनी, की ताप आलाय.
ती दोन्ही वेळा रडायची.

आताही तसंच चाललंय.
कुठलंही वर्ष, कुठल्याही डाकेनं.

मे महिना सगळ्यांत आधी पोचला :
मानकापूर घाट, सेहेचाळीस डिग्री,
लाकडं पेटण्याआधीच तापलेली हवा.
चार म्हातारे बेरे घालून, घामानं निथळत उभे.
बिगुल नव्हता. कोणी हुकूम दिला नव्हता.
तरी चौघांच्या टाचा एकाच वेळी जुळल्या
आणि त्यांतल्या एकाची चप्पल तुटली.

मग एकदम मी सात वर्षांची.
तान्हा पोळा. बाकीच्यांचे नंदी महालातल्या दुकानातले,
माझ्या नंदीला टेलिफोनच्या तारेच्या रिकाम्या रिळाची चाकं,
एक शिंग तिरपं.
मी बोजारा मागत दारोदार,
आणि दहा पावलं मागे बाबा, हात पाठीशी बांधून.
कोणी विचारलं तर सांगायचे,
"पोट्टी कमांडर हाय. मी आपला मागचा पहारा."

अठ्ठावीस वर्षांची नोकरी, सिग्नलमध्ये.
डोंगराडोंगरांवरून तारा ओढल्या
दुसऱ्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून.
आमच्या घरी फोन नव्हता.
आईनं एकदा सुट्ट्यांची बेरीज केली, दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर :
चार वर्षं सात महिने.
"इतकाच नवरा आला माह्या वाट्याले," म्हणाली,
आणि वही बंद करून वरण फोडणीला टाकलं.

ती वही त्यांनी वाचली असणार.
पेन्शनीत आल्यावर माणूस उधारी फेडल्यासारखा राहिला.
पहाटे नळ आला की कूलरची टाकी, मोजून बावीस बादल्या,
वाळ्याची ताटी हातानं भिजवून,
वारा आईच्या खाटेकडे वळवून, मग चहा.
तिचा खांदा धरला त्या वर्षी
तिची वेणीसुद्धा तेच घालायचे,
तार जोडतात तशी, पदरावर पदर, घट्ट,
शेवटी गाठ मारून एकदा ओढून बघायचे.
आई कळवळून ओरडायची,
"माह्या डोक्याची लाईन नका चेक करू!"

एकतीस नंबरचं पत्र आलंच नाही.
तिसाव्यात बर्फ आहे, आणि स्टोव्ह पेटत नाही म्हणून शिव्या.
बत्तिसाव्यात : गहू भरलेस का, पोट्टीला चष्मा लागला का.
अक्षर तेच. जरा बारीक.
आईनं कितीदा विचारलं, काय होतं त्याच्यात?
"असंन काही. गहूच असंन."
आणि उठून टाकीतलं पाणी बघायला जायचे.

घाटावरून परतताना ठवकरकाका,
तुटकी चप्पल हातात, तापल्या डांबरावर एक पाय उचलत,
मला म्हणाले, "त्या हिवाळ्यात
लाईन शोधाले तिघं गेलो होतो."
रिक्षा आली. ते बसले.
मी चौघांत नजर फिरवली. दुसरा कोण, विचारायचं राहिलं.
तिसऱ्याचं नावही.

घरी बिस्किटांच्या डब्यात सगळी पत्रं आहेत, नंबरवार.
तीस आणि बत्तीसच्या मध्ये आई काही ठेवत नाही,
मला वाटायचं विसरली असेल.

काल फॅमिली पेन्शनचा लिफाफा आला.
कूलर बंद होता, मी टाकी भरत होते, मोजायचं मध्येच चुकले.
आईनं पदरानं चष्मा पुसला,
लिफाफा उजेडात धरला,
आणि नावाच्या आधी
कोपरा पाहिला.